परक्या राज्यात आणि परक्या देशात

परदेशात जाऊन स्वतःचा धंदा काढावा का, हा विषय बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत निघाला की कोणीतरी एक वाक्य हमखास टाकतो, 'हितं तरी आपण कुठं आपल्या राज्यात हाय?' त्यावर बसलेले सगळे मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातील दाव्याच्या तारखा मोजत बसलेल्या भागात हे वाक्य पोटातून येते, हे मला मान्य आहे. मान्य नाही तो त्यातून काढला जाणारा निष्कर्ष. बेळगावात परके म्हणून दुकान चालवले, तसेच ते दुबईत, लेस्टरला किंवा न्यू जर्सीत चालवू, फक्त अंगात धमक हवी, असा तो निष्कर्ष असतो. या समजुतीपायी सीमाभागातील किती घरांनी सोने गहाण टाकले, याची कुठे नोंद नाही. पण हिशेब आणि करसल्ल्याच्या व्यवसायात बसून जे कागद हातात येतात, ते पाहता ही समजूत जितक्या लवकर मोडेल तितके बरे, असे माझे मत झाले आहे.

बेळगावच्या मराठी दुकानदाराला सरकारी कारभाराबद्दल तक्रारी आहेत आणि त्यांतील बऱ्याच खऱ्या आहेत. पाटीचा साठ टक्के भाग कन्नडमध्ये असला पाहिजे, हा २०२४ मध्ये कायद्यात आलेला नियम लागू झाल्यावर गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत अनेकांनी पाट्या नव्याने रंगवून घेतल्या. महापालिकेतला अर्ज मराठीत मिळत नाही, उताऱ्यावरचे कन्नड घरातील म्हाताऱ्यांना वाचता येत नाही, आंदोलनाच्या दिवशी शटर कधी ओढायचे याचा अंदाज घ्यावा लागतो. एवढे सगळे असूनही या दुकानदाराच्या पायाखाली एक गोष्ट भक्कम आहे, आणि ती इतकी सवयीची झाली आहे की तिची किंमत त्याच्या लक्षात येत नाही. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भारतीय नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा आणि कोणताही कायदेशीर व्यवसाय करण्याचा अधिकार दिला आहे. धंदा बुडाला तरी त्याला गाव सोडावे लागत नाही. नोकरी गेली म्हणून साठ दिवसांत चंबूगबाळे आवरून निघा, असे त्याला कोणी सांगू शकत नाही. परवाना नाकारला तर तो कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात जाऊ शकतो. परदेशात स्थलांतरित म्हणून राहणाऱ्याकडे नेमके हेच नसते. तिथे राहण्याचा हक्क आणि कमावण्याचा हक्क एकाच कागदावर लिहिलेले असतात आणि त्या कागदाला मुदत असते.

अमेरिकेचे उदाहरण घ्या, कारण आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे डोळे आजही तिकडेच लागलेले असतात. एच-१बी व्हिसावरचा माणूस ज्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला तिच्याकडेच काम करू शकतो. तो एखाद्या कंपनीत भांडवल गुंतवू शकतो, पण संध्याकाळी स्वतःच्या उपाहारगृहाच्या गल्ल्यावर बसला तर तो व्हिसाचा भंग ठरतो. नोकरी गेली तर नवा मालक शोधण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. जानेवारी २०२५ पासून स्वतःच्या मालकीच्या कंपनीमार्फत एच-१बी मिळवण्याची वाट काहीशी मोकळी झाली, पण पहिल्या दोन वेळी ती परवानगी अठरा-अठरा महिन्यांचीच असते. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये देशाबाहेरील माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम निघाला. छोट्या गुंतवणुकीवर धंदा करू देणारा ई-२ व्हिसा अनेक देशांच्या नागरिकांना मिळतो, भारतीयांना मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारत आणि अमेरिका यांच्यात झालेलाच नाही. उरतो ईबी-५, म्हणजे मोठ्या गुंतवणुकीवर कायमचे वास्तव्य देणारा व्हिसा. त्यासाठी मागास किंवा ग्रामीण भागात किमान आठ लाख डॉलर गुंतवावे लागतात आणि दहा जणांना पूर्णवेळ रोजगार द्यावा लागतो. आठ लाख डॉलर म्हणजे सात कोटी रुपयांच्या आसपास. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन टाकून जॉबवर्क करणाऱ्याच्या मुलाला हा मार्ग सुचवणे ही थट्टाच झाली.

ब्रिटनमधील नियम वेगळे आहेत, रोख तोच आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथे 'इनोव्हेटर फाउंडर' नावाचा व्हिसा सुरू झाला आणि पन्नास हजार पौंडांची जुनी अट गेली, म्हणून इकडच्या सल्लागारांच्या जाहिरातींना ऊत आला. अट गेली हे खरे आहे. तिच्या जागी आलेली अट मात्र जाहिरातीत नसते. तुमची कल्पना नवी आहे, चालणारी आहे आणि मोठी होऊ शकते, असे सरकारमान्य संस्थेने लिहून द्यावे लागते. कोपऱ्यावरचे किराणा दुकान किंवा मिसळ-भाकरीचे हॉटेल कितीही चांगले चालण्यासारखे असले तरी या चौकटीत बसवणे फार अवघड आहे. विद्यार्थी व्हिसावर तर स्वयंरोजगाराला साफ मनाई आहे. ॲपवरून जेवणाचे डबे पोहोचवणे हासुद्धा तिथे स्वयंरोजगारच मानला जातो, हे इथून जाणाऱ्या कितीतरी मुलांना विमानात बसेपर्यंत कोणी सांगितलेले नसते. आठवड्याला वीस तास काम करण्याची मुभा आहे एवढेच त्यांना ठाऊक असते, आणि दुसऱ्याच्या नावाचे खाते भाड्याने घेऊन सायकलवर डबे पोहोचवताना आपण व्हिसाच धोक्यात घालतो आहोत, याची जाणीव पकडले गेल्यावर होते.

या दोन देशांवर मी हवे त्यापेक्षा जास्त लिहिले, असे खानापूरच्या वाचकाला वाटेल, आणि त्याचे बरोबर आहे. आपल्या भागातून धंद्याच्या इराद्याने किंवा आधी कामगार म्हणून आणि मग धंद्याच्या इराद्याने जे लोक जातात, त्यांची वाट आखाताकडे वळते. फिटर, वेल्डर, एसी मेकॅनिक, स्वयंपाकी म्हणून गेलेला माणूस आठ-दहा वर्षांत हाताखाली चार माणसे ठेवू लागतो आणि एक दिवस स्वतःचे वर्कशॉप काढावे असे त्याच्या मनात येते. संयुक्त अरब अमिरातीत मुख्य बाजारपेठेत कंपनी काढायची तर १ जून २०२१ पर्यंत बहुतेक व्यवसायांत एक्कावन्न टक्के हिस्सा तिथल्या नागरिकाच्या नावावर दाखवावा लागे. पैसा आपला, घाम आपला आणि कागदावर मालक दुसराच. हा 'कफील' भला निघाला तर ठरलेली वार्षिक रक्कम घेऊन गप्प बसे. तो वारला किंवा त्याच्या मुलांचे मन फिरले, तर वीस वर्षे चाललेल्या गॅरेजच्या मालकाला हातात पान्हे घेऊन बाहेर पडावे लागे आणि दाद मागायला जागा नसे. २०२१ नंतर बहुतेक व्यवसायांत संपूर्ण मालकी परदेशी माणसाच्या नावावर राहू शकते. आखातातील आपल्या माणसाच्या दृष्टीने गेल्या काही दशकांतला हा सर्वांत मोठा बदल आहे. पण सीमाभागात त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

शारजात लेथचे छोटे वर्कशॉप चालवणाऱ्या, मूळच्या खानापूर तालुक्यातील एका परिचितांचे कागद मी पाहिले आहेत. कॅश काउंटरमागे गणपतीच्या तसबिरीशेजारी चौकटीत लावलेला व्यापार परवाना आहे आणि त्यावर कोणते काम करता येईल ते शब्दाशब्दाने लिहिले आहे. धातूचे कातकाम आणि दुरुस्ती एवढेच त्यात आहे. गिऱ्हाईकाने सुटे भाग मागितले आणि ते यांनी विकत आणून विकले, तर तो व्यापार झाला आणि त्यासाठी परवान्यात वेगळी भर घालून वेगळे शुल्क भरावे लागते. परवाना दरवर्षी नूतनीकरणाला येतो. तो लांबला की मालकाचा स्वतःचा आणि त्याच्या कामगारांचा व्हिसा अडकतो, कारण सगळे एकाच दोरीत ओवलेले आहे. जागेचे भाडे वर्षाचे ठरते आणि त्याचे पुढच्या तारखांचे चेक करारावर सही करतानाच घरमालकाच्या हाती द्यावे लागतात. जानेवारी २०२२ मध्ये कायदा सैल होईपर्यंत यातला एखादा चेक न वटणे हा तिथे तुरुंगात नेऊ शकणारा गुन्हा होता. आजही त्यातून वसुलीचा आणि प्रवासबंदीचा ससेमिरा लागू शकतो. त्यात पाच टक्के व्हॅट २०१८ पासून आला आणि जून २०२३ नंतरच्या हिशेबी वर्षांपासून पावणेचार लाख दिरहमपेक्षा जास्त नफ्यावर नऊ टक्के कंपनी कर. 'दुबईत टॅक्स नाही' हे वाक्य अजून आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत ऐकू येते, म्हणून हा तपशील दिला.

या गृहस्थांचा धंदा चांगला चालतो. ते मेहनती आहेत, मोजमापाला पक्के आहेत, आणि हे दोन्ही गुण ते उद्यमबागेतील एका शेडमध्ये शिकले. त्या शेडमध्ये त्यांच्याइतकेच हुशार आणखी दहाजण असतील. फरक असा की हे पंधरा वर्षे पगारावर टिकले, त्या काळात मालकाशी त्यांचे जमले, त्यांना इंग्रजी-अरबी कागद समजू लागले आणि कायदा बदलला तेव्हा त्यांच्या हाती बचत होती. ज्याला आपण धमक म्हणतो ती या साखळीतली शेवटची कडी होती.

ही गोष्ट बेळगावने एकदा उलट बाजूने अनुभवली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरीत अँग्लो-इंडियन माणसासाठी आपल्याला डावलले गेले म्हणून ती सोडून ते बेळगावात आले. १८८८ मध्ये सुरू झालेल्या सायकलच्या दुकानापासून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांच्यापर्यंत मजल मारली. आणि नगरपालिकेला वस्तीच्या विस्तारासाठी जागा हवी झाली तेव्हा त्यांना कारखाना हलवण्यास सांगण्यात आले. ते अपमान गिळून घरी बसले असते तर पुढचा इतिहास घडला नसता, हे खरेच आहे. पण औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडलजवळची जमीन आणि कर्ज दिले नसते, तर निव्वळ जिद्दीच्या जोरावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली असती, असे मला वाटत नाही. माणूस तोच होता, नांगर तोच होता, बदलले ते राज्य. एका राज्याने उठ म्हटले, दुसऱ्याने बस म्हटले. आज बेळगावात किर्लोस्कर रोड आहे आणि कारखाना सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांचे चरित्र आपण शाळेतून स्वावलंबनाचा धडा म्हणून शिकवतो. माझ्या मते ते राज्यकर्त्याने उद्योजकाला जागा देण्याचा धडा म्हणूनही शिकवायला हवे.

आता भांडवलाविषयी, कारण तिथे आपला सर्वांत मोठा गैरसमज आहे. मुलाला परदेशी शिकायला पाठवायचे तर बँक कर्ज देते, त्यामुळे धंद्यासाठीही कोणीतरी देईल असे पालक गृहीत धरतात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यातून परदेशी कंपनीत गुंतवणूकही करता येते. पण अशी भांडवली रक्कम पाठवण्यासाठी बँकेने कर्ज देऊ नये, असा स्पष्ट निर्देश आहे. शिक्षणाला कर्ज चालते, शेअर घ्यायला चालत नाही. शिवाय वर्षाला दहा लाखांवरील रकमेवर, शिक्षण आणि वैद्यकीय कारणे सोडली तर, वीस टक्के कर आधीच कापला जातो. तो पुढे विवरणपत्रात समायोजित होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो. गुंतवणूक झाल्यावर दरवर्षी परदेशी कंपनीचा अहवाल बँकेमार्फत द्यावा लागतो आणि निवासी माणसाने आपल्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवली नाही तर काळ्या पैशाविषयीच्या २०१५ च्या कायद्याने दहा लाखांचा दंड होऊ शकतो. परिणाम असा होतो की घरातील सोने सहकारी पतसंस्थेत ठेवून 'घरखर्चासाठी' म्हणून कर्ज उचलले जाते आणि पैसा कोणाच्यातरी ओळखीने हवालामार्गे जातो. त्या क्षणी तो धंदा इथल्या आणि तिथल्या अशा दोन्ही कायद्यांच्या बाहेर जातो आणि उद्या भागीदाराने फसवले तर तक्रार करण्याची सोयही राहत नाही.

बँकेने कर्ज देऊ नये हा निर्बंध उठवावा, असे मी म्हणणार नाही. परक्या देशातील दुकान बुडाले तर इथल्या बँकेने वसुली कशाची करायची? पण मग भांडवल कुठून यावे, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायला हवे, आणि ते उत्तर असे आहे की ते बहुतांशी तिथल्याच पगारातून आणि तिथल्याच आपल्या माणसांकडून यावे लागते. गुजरातच्या पटेलांनी अमेरिकेतील मोटेलचा धंदा याच रीतीने हाती घेतला. एकाने मोटेल घ्यायचे, नात्यातल्यांनी तोंडी विश्वासावर रक्कम उभी करून द्यायची, घरच्यांनीच खोल्या झाडायच्या, आणि फेडून झाल्यावर पुढच्याला हात द्यायचा. आज त्या देशातील निम्म्याहून अधिक हॉटेले आपल्या सभासदांकडे आहेत, असे त्यांची संघटना सांगते.

यावर 'मराठी माणसाच्या रक्तातच धंदा नाही' असे म्हणण्याची आपल्याकडे खोड आहे. रक्ताचा काही संबंध नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, विटा, आटपाडी या दुष्काळी भागातून (आपले खानापूर वेगळे, ते पावसाचे) सोने-चांदी गाळण्याचे काम करणारे गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या देशभरातील सराफ बाजारांत जाऊन बसले आहेत. तमिळनाडूपासून बंगालपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यावर चौकशी करा, विट्याकडचा माणूस भेटेल. आधी भाचा जाऊन मामाच्या भट्टीवर राबतो, भाषा शिकतो, आणि दुसऱ्या शहरात जागा दिसली की मामाच त्याला भट्टी मांडून देतो. रीत पटेलांचीच आहे, आणि ती शेती कोरडी पडलेल्या मराठी माणसांनी कोणाचे न बघता उभी केली. त्यांना देशाच्या आत जाण्यासाठी व्हिसा लागला नाही, हा फरक मात्र विसरता येत नाही, आणि माझा मुद्दा पुन्हा तिथेच येतो.

सीमाभागातील माणसाकडे एक भांडवल मात्र खरोखर आहे आणि त्याचे मोल तोच ओळखत नाही. बेळगावच्या रविवार पेठेतील घाऊक व्यापारी सकाळी गोव्याच्या गिऱ्हाइकाशी कोकणीमिश्रित मराठीत बोलतो, अर्ध्या तासाने गोकाकच्या शेतकऱ्याशी कन्नडमध्ये घासाघीस करतो, राजस्थानी पुरवठादाराशी हिंदीत उधारीची मुदत वाढवून घेतो आणि कार्यालयातून आलेली नोटीस शेजारच्या पोराकडून वाचून घेतो. चार भाषांत भाव करण्याची ही सवय पुण्यात वाढलेल्या मुलाला सहज येत नाही. परदेशात दुकान टाकणाऱ्याला हीच सवय तारते, पण एका अटीवर: गिऱ्हाईक आपल्याच माणसांपुरते मर्यादित ठेवायचे नाही. आपली बरीच मंडळी इथे चूक करतात. परदेशात गेल्यावर महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात मोदक आणि दिवाळीत फराळ विकून सुरुवात होते, दोन सणांत माल संपतो, आणि उरलेले दहा महिने भाडे अंगावर पडते. दुबईतील मसाला व्यापारी धनंजय दातारांचे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो. १९८४ मध्ये छोट्या किराणा दुकानापासून सुरू झालेला तो व्यवसाय वाढला तो आखातातील सर्व प्रांतांच्या भारतीयांना मसाले आणि धान्य पुरवून, केवळ मराठी गिऱ्हाइकांवर नव्हे. भाषेचा अभिमान घरात आणि मंडळात ठेवावा. गल्ल्यावर बसलेल्याने मल्याळी, पठाण, फिलिपिनो अशा सर्वांच्या सोयीचा विचार करायला हवा.

दुसऱ्या एका वाटेचा विचार आपल्याकडे फारच कमी होतो. माणूस जावा आणि कारखाना इथेच राहावा, अशी ती वाट. व्हिसा माणसाला लागतो, मालाला लागत नाही. बेळगावातील ओतकाम आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आजही बाहेरच्या देशांना माल देतात. हुक्केरी तालुक्यातील हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचे विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले, त्याच्या प्रवर्तकांनी आधी १९९७ मध्ये अमेरिकेत अभियांत्रिकी सेवांची कंपनी भागीदारीत काढली होती. तिथे गिऱ्हाईक ओळखले आणि उत्पादन इथे आणले. अथणी-निपाणीकडच्या चर्मकारांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत आणि त्यांत बेळगाव आहे. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घाटाची चप्पल दाखवली तेव्हा दोन्ही राज्यांतून ओरड झाली आणि कंपनीला प्रेरणा कुठून आली ते कबूल करावे लागले. ओरड योग्यच होती. पण युरोपात राहणाऱ्या आपल्या एखाद्या मुलाने त्याच वेळी अथणीच्या कारागिराची चप्पल तिथल्या दुकानात ठेवण्याची खटपट केली असती, तर त्यासाठी इकडे आयात-निर्यात क्रमांक आणि बँकेचे कागद पुरले असते. मानांकन मिळवण्यात जी दोन राज्ये एका कागदावर आली, त्यांना विक्रीच्या बाबतीत एकत्र यायला कोणी अडवलेले नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आपल्या सभांत कोणी बोलत नाही. परदेशात आपल्या मुलाला दुकानाची जागा नाकारली, पाटीवरून टोमणा मारला, तर आपल्याला राग येतो. बेळगावात केरळी बेकरीवाला, बिहारी फर्निचर कारागीर, उत्तर प्रदेशातील पाणीपुरीवाला हेही पोटासाठीच आले आहेत आणि त्यांना गाळा भाड्याने देताना आपलीच माणसे 'बाहेरचे' म्हणून जादा अनामत मागतात, हे मी करार लिहिताना पाहिले आहे. कन्नड संघटनांनी मराठी पाटीला केलेला विरोध आपल्याला जसा झोंबतो, तसेच हे त्यांना झोंबत असणार. घटनेच्या ज्या कलमावर आपला हक्क उभा आहे, त्याच कलमावर त्यांचाही आहे.

सरकारकडून काय मागावे? केरळने १९९६ मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले आणि पुढे 'नोर्का रूट्स' ही संस्था उभी करून जाण्यापूर्वीच्या मार्गदर्शनापासून परतलेल्यांना धंद्यासाठी कर्जसाहाय्यापर्यंतची कामे तिच्याकडे दिली. केरळी माणूस आखातात यशस्वी होतो तो केवळ अधिक कष्ट करतो म्हणून नव्हे. त्याच्या पाठीशी माहिती आणि संस्था यांचे बळ असते. सीमाभागातील मराठी माणूस मात्र दोन राज्यांच्या फटीत सापडतो. महाराष्ट्राच्या बऱ्याच योजनांत तो रहिवासी म्हणून बसत नाही, आणि कर्नाटकाची या विषयातील यंत्रणा बेंगळुरूत आहे. या फटीचा फायदा गावोगावचे एजंट घेतात. 'बिझनेस व्हिसा करून देतो' असे सांगून ते पैसे घेतात आणि हातात ठेवतात ती फार तर दुबईतील एखाद्या मुक्त क्षेत्रात (फ्री झोनमध्ये) नोंदलेली, टेबल-खुर्चीपुरती कंपनी. त्या परवान्यावर मुख्य बाजारात दुकान थाटता येत नाही, हे त्या मुलाला तिथे पोहोचल्यावर कळते, आणि तोपर्यंत वर्षाचे शुल्क भरून झालेले असते.

म्हणून मागणी अगदी साधी असावी. जिल्हा औद्योगिक केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी परदेशात व्यवसाय आणि निर्यात यांविषयी माहिती देणारे टेबल हवे. कोणत्या देशात कोणत्या व्हिसावर काय करता येते, पैसा कोणत्या मार्गाने पाठवायचा, परवान्यावर काय लिहून घ्यायचे, हे तिथे विनामूल्य सांगितले जावे. आपल्या सहकारी पतसंस्थांनी सोन्यावर कर्ज देताना रक्कम परदेशी पाठवायची आहे का, हे एकदा विचारावे आणि तसे असेल तर त्या टेबलाकडे बोट दाखवावे. एवढ्याने हवालाकडे जाणारे काही पाय तरी थांबतील. शेवटच्या वर्षातील अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या मुलांना कॅम्पस मुलाखतीच्या तयारीबरोबर व्हिसाच्या अटी वाचायला शिकवावे. आणि टेबलावरची पत्रके कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही असावीत, कारण खानापूर तालुक्यातील ज्या बापाला सोने गहाण ठेवण्याचा निर्णय घ्यायचा असतो, त्याला वाचता येते ती मराठी. मराठीतून सरकारी कागद मिळावेत, ही मागणी आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो आहोत. तिच्या यादीत सातबारा आणि रेशनकार्डाच्या बरोबरीने ही पत्रकेही घालायला हरकत नाही.